वर बर्फ, खाली ऊब: गॅस भरल्यावर नऊ दिवसांनी परत आलेला बिघाड

पार्श्वभूमी

डोंबिवलीतलं चौघांचं कुटुंब, दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. फ्रीज २६५ लिटरचा, दोन दारांचा, फ्रॉस्ट-फ्री, फ्रीझर वर. वय सात वर्षं. मागच्या पट्टीवर गॅस आर-६००ए, वजन ४६ ग्रॅम. कॉम्प्रेसर साधा, इन्व्हर्टरचा नाही. डिफ्रॉस्ट, म्हणजे आत साचलेला बर्फ आपोआप वितळवण्याचं काम, मेकॅनिकल टायमरवर चालणारं. याआधी एकही दुरुस्ती झालेली नव्हती.

घरात एक बाब जास्त नाजूक होती. आजींना मधुमेह, त्यामुळे इन्सुलिनची न उघडलेली पेनं याच फ्रीजमध्ये असत. ती २ ते ८ अंशांत राहावी लागतात आणि गोठूनही चालत नाहीत. दूध नासलं तर दुसरं आणता येतं, इन्सुलिनचं तसं नाही. या प्रकरणातले बरेच निर्णय त्यामुळे घाईत घेतले गेले.

जुलै महिना होता. डोंबिवलीत त्या दिवसांत हवेत ओल भरपूर, आणि पाहुण्यांमुळे फ्रीजचं दार एरवीपेक्षा जास्त वेळा उघडलं जात होतं. दार उघडलं की दमट हवा आत शिरते आणि तिच्यातलं पाणी बर्फ होऊन कॉइलवर, म्हणजे थंडावा तयार करणाऱ्या नळीच्या वेटोळ्यावर, बसतं. डिफ्रॉस्ट नीट चालू असेल तर ते कळतही नाही. बंद पडलेलं असेल तर याच दिवसांत फ्रीज सगळ्यात लवकर उघडा पडतो.

तक्रार आणि पहिली भेट

सुरुवात दह्यापासून झाली. खालच्या कप्प्यातलं दही एका दिवसात आंबट होऊ लागलं, कोथिंबीर काळी पडली. वर मात्र बर्फाचे तुकडे होत होते, फक्त आइस्क्रीम मऊ लागत होतं. घरच्यांनी खालचा नॉब शेवटच्या आकड्यावर नेला. दोन दिवसांनी परिस्थिती आणखी बिघडली.

ओळखीतून एक मेकॅनिक आला. त्याने खालच्या कप्प्यात हात घातला, फ्रीझरची भिंत चाचपली, मागे कॉम्प्रेसरला हात लावून पाहिला. "ताई, गॅस कमी झालाय. कॉम्प्रेसर थांबतच नाहीये बघा." खर्च सांगितला २,८०० रुपये. घरच्यांनी होकार दिला.

त्याचा अंदाज मुळातच अशक्य होता असं नाही, हे आधी सांगायला हवं. गॅस थोडा कमी झाला की दोन दारांच्या फ्रीजमध्ये आधी खालचाच कप्पा गरम होतो, वर काही काळ बर्फ होत राहतो आणि कॉम्प्रेसर अखंड चालतो. डिफ्रॉस्ट बंद पडलं तरी चित्र हुबेहूब असंच दिसतं. बाहेरून हात लावून या दोघांत फरक करता येत नाही. फरक फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड, कॉइलवर असतो, आणि ते पॅनेल त्या दिवशी उघडलंच गेलं नाही.

शनिवारी सकाळी फ्रीज बंद झाला. कॉम्प्रेसरची प्रोसेस ट्यूब, म्हणजे गॅस भरण्याची बंद नळी, कापून तिथे सर्व्हिस व्हॉल्व्ह ज्योतीने तापवून जोडला (ब्रेझ केला), वीसेक मिनिटं व्हॅक्यूम पंप चालवला आणि आर-६००एच्या छोट्या डब्यातून गॅस भरला. वजनकाटा नव्हता. गॅसमधली ओल आणि कचरा अडवणारा फिल्टर ड्रायर बदलला नाही. "आज रात्रभर बंदच ठेवा, उद्या संध्याकाळी लावा," असं सांगून तो गेला. घरच्यांनी दोन्ही दारं उघडी टाकून आतून साफसफाई केली. रविवारी सकाळी फ्रीजखाली पाण्याचं थारोळं होतं. दोनदा फडकं पिळावं लागलं. धुतल्याचं पाणी असेल, असं सगळ्यांनी धरलं.

सोमवारी सकाळी खालचा कप्पा गार होता.

दुरुस्ती लागू पडल्यासारखी का वाटली

अशा बहुतेक फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये थंडावा तयार करणारी कॉइल एकच असते, फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड. तिच्यावरून पंखा हवा ओढतो. बरीचशी हवा फ्रीझरमध्येच फिरते, थोडी एका डक्टमधून खाली उतरते. खालच्या कप्प्याची स्वतःची कॉइल नसते. वरून येणारी ही हवा हाच त्याचा सगळा थंडावा.

कॉइलवर बसणारा बर्फ काढायला तिच्या खाली हीटर असतो. कॉम्प्रेसर साधारण ८ ते १२ तास चालला की टायमर कॉम्प्रेसर आणि पंखा बंद करून हीटरला वीज देतो. बर्फ वितळतो, पाणी नळीतून मागच्या ट्रेमध्ये उतरतं आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने उडून जातं. हा हीटर लागेनासा झाला की बर्फ चढत जातो. आधी कॉइलच्या पट्ट्यांमधल्या फटी बुजतात, मग हवेचा रस्ताच बंद होतो. कॉइलला चिकटून असल्यामुळे फ्रीझर गार राहतो. खाली मात्र काही पोहोचत नाही.

आता त्या शनिवार-रविवारकडे पुन्हा पाहू. गॅस भरण्यासाठी फ्रीज सुमारे तीस तास दारं उघडी ठेवून बंद होता. तेवढ्या वेळात कॉइलवरचा सगळा बर्फ आपोआप वितळला. खालचा कप्पा गार झाला तो हवेचा रस्ता मोकळा झाल्यामुळे. गॅसचा त्यात काहीच वाटा नव्हता. जमिनीवरचं पाणी हाच त्याचा पुरावा. कॉइलवर इतका बर्फ होता याचाच अर्थ कॉइलला गॅस पुरेसा मिळत होता. गॅस खरोखर कमी असता तर कॅपिलरी, म्हणजे गॅस आत आणणारी बारीक नळी, जिथे कॉइलला जोडलेली असते तिथल्या एकदोन वेढ्यांवरच बर्फ दिसला असता आणि बाकीची कॉइल कोरडी राहिली असती. एवढं पाणी निघालंच नसतं.

चुकीची दुरुस्ती काही दिवस बरोबर ठरते ती अशी. मेकॅनिकला वाटतं आपलं निदान खरं होतं, घरच्यांना वाटतं पैसे वसूल झाले, आणि मूळ बिघाड तसाच राहतो.

पुन्हा तीच तक्रार

नवव्या दिवशी खालचा कप्पा परत उबदार झाला. आता फ्रीझरमधून अधूनमधून खरखर ऐकू येत होती. पंख्याची पाती बर्फाला घासू लागली की असा आवाज येतो, आणि फ्रीझरचं दार उघडलं की थांबतो, कारण दाराच्या स्विचबरोबर पंखा बंद होतो. स्विच बोटाने दाबून धरला तर दार उघडं असतानाही तो आवाज ऐकता येतो.

पहिल्या मेकॅनिकला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "लीक असेल, परत भरावा लागेल." लीक कुठे आहे, या प्रश्नावर उत्तर नव्हतं.

या वेळी घरच्यांनी दोन गोष्टी नीट केल्या. पहिली, इन्सुलिनची न उघडलेली पेनं त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये हलवली, मधल्या फळीवर, मागच्या भिंतीपासून लांब. जी पेनं एकदोन दिवस १३-१४ अंशांत राहिली होती त्यांवर तारीख टाकून, औषधविक्रेत्याला विचारून, ती आधी वापरायला काढली. चालू पेन बाहेर ठेवता येतं, पण माहितीपत्रकात लिहिलेल्या तापमानात आणि मुदतीतच. दुसरी गोष्ट म्हणजे दीडशे रुपयांचा थर्मामीटर आणून तो पाण्याच्या ग्लासात मधल्या फळीवर रात्रभर ठेवला. पाण्यात ठेवण्याचं कारण असं की दार उघडताच हवेचं तापमान लगेच चढतं, पाण्याचं चढत नाही, म्हणून पदार्थाला काय मिळतंय ते खरं कळतं. सकाळचा आकडा १३ अंश. फ्रीझरमध्ये पाकिटांच्या मधोमध उणे १२. हवे होते अनुक्रमे २ ते ५ आणि उणे १८.

खालच्या कप्प्यातली उरलेली भाजी, भात, उकडलेले बटाटे टाकून दिले. शिजवलेलं अन्न ५ अंशांच्या वर चार तासांहून जास्त राहिलं असेल तर वास येवो न येवो, ते ठेवू नये.

समोर असलेले पर्याय

परत गॅस भरणं हा सगळ्यात सोपा पर्याय, कारण फोन झालाच होता. पण फ्रीजमधला गॅस वापराने संपत नाही. यंत्रणा पूर्ण बंद असते, गॅस आतल्या आत फिरत राहतो. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतो आहे, आणि ती जागा शोधून बंद केल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणार. लीक न शोधता दुसऱ्यांदा भरणं म्हणजे पैसे पाण्यात.

नवीन फ्रीज घेणं. या आकाराच्या फ्रीजला पंचवीस-तीस हजार सहज लागतात. कॉम्प्रेसर ठीक असलेला सात वर्षांचा फ्रीज, निदान झालेलं नसताना, भंगारात काढायला कारण नव्हतं.

दर आठवड्याला फ्रीज बंद करून बर्फ वितळू देणं. पैसे लागत नाहीत, फ्रीज चालतही राहतो. काही घरं महिनोन्‌महिने असं करतात. पण दर वेळी बारा-चौदा तास फ्रीज बंद ठेवायचा, मग त्यातलं दूध आणि औषधं कुठे ठेवायची? या घरात ते जमणारं नव्हतं.

चौथा पर्याय निवडला गेला: दुसरा तंत्रज्ञ बोलवायचा आणि त्याला आधी फक्त तपासायला सांगायचं. फोनवर त्याने पहिली सूचना दिली ती फार मोलाची ठरली. "वहिनी, मी येईपर्यंत फ्रीज बंद करू नका. बंद केलात तर मला काही दिसणार नाही." बहुतेक घरांत याच्या उलट होतं. मेकॅनिक येणार म्हणून आदल्या रात्री फ्रीज रिकामा करून, पुसून, बंद ठेवला जातो. सकाळपर्यंत बर्फ वितळलेला असतो आणि येणाऱ्याला चांगला चालणारा फ्रीज दिसतो.

दुसरी तपासणी

बाहेरच्या गोष्टी दहा मिनिटांत उरकल्या. व्होल्टेज २२६. दाराच्या रबरात कागद धरून चारही बाजूंनी ओढून पाहिला, सगळीकडे अडत होता. दोन्ही बाजूंच्या भिंती कोमट, म्हणजे आतला कंडेन्सर उष्णता बाहेर टाकत होता. गॅस खूप कमी असता तर त्या जवळजवळ थंड लागल्या असत्या. फ्रीज भिंतीपासून चार बोटं पुढे होता, ते पुरेसं आहे. मागचा ट्रे कोरडा खडखडीत, तळाशी पाणी सुकल्याच्या पांढुरक्या रेघा. भर पावसाळ्यात ट्रे कोरडा असणं ही मोठी खूण आहे. या दिवसांत फ्रीज चालू असेल आणि डिफ्रॉस्ट होत असेल तर ट्रेमध्ये थोडं तरी पाणी सापडतंच.

मग टायमर. त्याच्या मधल्या दांड्याला स्क्रूड्रायव्हरची खाच असते. ती घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवली की टकटक आवाजानंतर एक ठळक खटका लागतो. त्या क्षणी कॉम्प्रेसर थांबतो आणि हीटर लागायला हवा. उलट दिशेने कधी फिरवू नये, आतले दात तुटतात. खटका लागला, कॉम्प्रेसर थांबला, तारेभोवती धरून वीज मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरवरचा आकडा पाऊण अँपिअरवरून जवळजवळ शून्यावर आला. १५० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ०.६५ अँपिअर घेतो. आकडा शून्य म्हणजे हीटरच्या वाटेत कुठेतरी तार तुटलेली आहे, किंवा त्या वाटेवरचा एखादा भाग उघडा पडला आहे, म्हणजे त्यातून वीज पुढे जात नाही. टायमर स्वतः फिरतो का, हे पाहायला दांड्यावर मार्करने रेघ ओढून ठेवली. या मॉडेलमध्ये टायमरच्या मोटरला वीज वेगळ्या तारेने मिळते. तासाभरात रेघ सरकलेली दिसली.

आता प्लग काढून पॅनेल. फ्रीझरमधले दोन स्क्रू प्लॅस्टिकच्या टोप्यांखाली होते, ते निघाले, पॅनेल मात्र हललं नाही. मागून बर्फाने धरलं होतं. इथे जोर लावला की पॅनेलच्या खालच्या खुंट्या तुटतात. कोमट पाण्यात पिळलेली फडकी कडांना वीसेक मिनिटं लावल्यावर ते अलगद सुटलं.

आत कॉइल दिसतच नव्हती. तळापासून वरपर्यंत एकसंध पांढरी लादी, पंख्याच्या खाली तिला गोल खळगा पडलेला, जिथे पात्यांनी बर्फ घासून काढला होता. डाव्या बाजूचं डक्टचं तोंड पूर्ण बुजलेलं. खालच्या कप्प्याकडे जाणारा रस्ता तो हाच.

बर्फ काढायला कोमट पाणी आणि स्पंज वापरला, दोन तास लागले. सुरी, पेचकस, उलथणं यातलं काहीही तिथे नेऊ नये. कॉइलची अ‍ॅल्युमिनियमची नळी पातळ असते, एक टोक लागलं की भोक पडतं, आणि मग खरोखरच गॅस जातो. हेअर ड्रायरही टाळलेला बरा. ओल्या फ्रीझरमध्ये विजेचं उपकरण धरणं एक, आणि दुसरं म्हणजे आर-६००ए हा आयसोब्युटेन आहे, पेट घेणारा वायू.

मल्टिमीटरवर हीटर ३४८ ओहम. १५० वॉटला हिशेबाने सुमारे ३५० यायला हवेत, म्हणजे हीटर शाबूत. हीटर आणि फ्रीजचा धातूचा सांगाडा यांच्यात मीटर काहीच दाखवत नव्हता, म्हणजे वीज अंगात येण्याचाही धोका नव्हता. थर्मल फ्यूज, म्हणजे ठरलेल्या तापमानाला जळून वीज तोडणारा भाग, ज्यावर ७२ अंश छापलेलं होतं, तो उघडा सापडला.

बरेच जण इथेच थांबतात. फ्यूज गेला, फ्यूज बदलला, काम झालं. या तंत्रज्ञाने विचारलेला प्रश्न वेगळा होता: फ्यूज गेला कशामुळे?

कॉइलवर हीटरच्या वाटेत आणखी एक भाग असतो, बायमेटल. कॉइल गोठलेली असताना तो जोडलेला राहतो, आणि बर्फ वितळून कॉइल साधारण १० ते १३ अंशांवर आली की उघडतो व हीटर बंद करतो. टायमरने दिलेली वेळ उरलेली असली तरी. पुन्हा जोडला जातो तो कॉइल उणे ५ च्या आसपास गेल्यावर. म्हणजे खोलीच्या तापमानाला चांगला बायमेटल मीटरवर उघडाच दिसायला हवा. हे माहीत नसल्याने पुष्कळ चांगले बायमेटल खराब म्हणून फेकले जातात. त्याची खरी परीक्षा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, बर्फ आणि मिठाच्या मिश्रणात पाच-दहा मिनिटं बुडवून होते. नुसत्या बर्फात नाही, कारण नुसता बर्फ शून्याच्या खाली नेत नाही.

या फ्रीजमधला बायमेटल खोलीच्या तापमानाला, २९ अंशांवर, जोडलेला होता. आतले संपर्कबिंदू चिकटून बसले होते. आता सगळं जुळलं. बर्फ वितळला तरी बायमेटलने हीटर तोडला नाही, हीटर कोरड्या कॉइलखाली टायमरची वेळ संपेपर्यंत तापत राहिला, आणि ७२ अंशांच्या फ्यूजने जळून जाऊन फ्रीज वाचवला. फक्त फ्यूज बदलला असता तर पुढच्या काही डिफ्रॉस्टमध्ये तोही गेला असता. आणि काही ठिकाणी करतात तसा फ्यूज तारेने सरळ जोडून टाकला असता तर हीटरला थांबवणारं काहीच उरलं नसतं. आतलं प्लॅस्टिक वितळण्यापासून आग लागण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. पेट घेणारा गॅस भरलेल्या यंत्रात हा जुगाड कुठल्याही कारणाने करू नये.

दुरुस्ती

फ्यूज आणि बायमेटल दोन्ही बदलले, जोडणीसहित एकत्र मिळणारा संच घेऊन. तारा क्रिंप करून, म्हणजे धातूच्या नळीत दाबून, जोडल्या आणि वर तापवल्यावर आवळणारी श्रिंक स्लीव्ह बसवली. फ्यूजच्या तारेला सोल्डर करायचा नसतो, सोल्डरच्या उष्णतेनेच तो जातो. नुसती टेप लावली तर तिच्यात पाणी शिरतं आणि सांधा वर्षभरात हिरवा पडतो. बायमेटल मूळच्याच जागी, कॉइलच्या वरच्या नळीला सपाट बाजू घट्ट लागेल असा क्लिपने बसवला. सोयीची जागा बघून दुसरीकडे लावला तर तो लवकर तरी तोडतो, नाहीतर उशिरा.

हीटरही बदलावा का, यावर थोडी चर्चा झाली. पुन्हा पॅनेल उघडायची वेळ आली तर मजुरी परत लागेल, हा बदलण्याच्या बाजूचा मुद्दा. पण काचेची नळी स्वच्छ होती, टोकांना काळेपणा नव्हता, आकडा बरोबर होता. तसाच ठेवला. हा निर्णय योग्यच वाटतो.

निचऱ्याच्या नळीत वरून कपभर कोमट पाणी ओतून ते मागच्या ट्रेमध्ये उतरतं हे पाहिलं.

मग अवघड प्रश्न. पहिल्या मेकॅनिकने विनाकारण उघडलेल्या यंत्रणेत आता गॅस किती आहे? ४६ ग्रॅम गॅस अंदाजाने भरताना १० ग्रॅम इकडेतिकडे होणं सहज शक्य आहे, आणि ती वीस टक्क्यांहून जास्त चूक झाली. पॅनेल काढलेलंच ठेवून फ्रीज चालू केला आणि चाळीस मिनिटांनी कॉइल पाहिली. स्वच्छ कॉइलवर नवा बर्फ कसा बसतो, याइतकी सोपी आणि खरी गॅसची परीक्षा घरी दुसरी नाही. पहिल्या वेढ्यापासून शेवटच्यापर्यंत पातळ, सारखा, पांढरा थर होता. म्हणजे कमी नाही. कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या सक्शन पाइपवर घाम किंवा बर्फ नव्हता. म्हणजे जास्तही नाही.

सर्व्हिस व्हॉल्व्हची साबणाच्या फेसाने तपासणी केली ती फ्रीज बंद असताना. आर-६००एच्या यंत्रणेत कॉम्प्रेसर चालू असताना सक्शन बाजूचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तेव्हा फेस लावला तर गळती असूनही बुडबुडा येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. बुडबुडा आला नाही. व्हॉल्व्हची प्लॅस्टिकची टोपी काढून रबरी रिंग असलेली पितळी टोपी बसवली, आणि गॅसला हात लावायचा नाही असं ठरलं.

शेवटची परीक्षा पॅनेल बसवून दीड तासाने घेतली. नवा बायमेटल खोलीच्या तापमानाला उघडा असतो, त्यामुळे काम संपल्या संपल्या टायमर फिरवून हीटर लागत नाही, आणि घाईत असलेला माणूस गोंधळतो. कॉइल गोठू द्यावी लागते. दीड तासाने टायमर फिरवला, क्लॅम्प मीटरवर ०.६४ अँपिअर आला. अकराव्या मिनिटाला आकडा आपोआप शून्यावर गेला. बायमेटल तोडतो आहे, हे त्यातून सिद्ध झालं.

परिणाम

चोवीस तासांनी पाण्याच्या ग्लासात ४ अंश, फ्रीझरमध्ये उणे १८, नॉब मधल्या आकड्यावर. कॉम्प्रेसर पुन्हा थांबूनथांबून चालू लागला. तिसऱ्या दिवशी मागच्या ट्रेमध्ये बोटभर पाणी होतं. इन्सुलिन घरी परत आणलं ते या सलग तीन दिवसांचे आकडे पाहूनच. पहिल्या वेळी बिघाड नवव्या दिवशी परतला होता, म्हणून खरी कसोटी त्यानंतरची धरली. तीन आठवड्यांनी पुन्हा तापमान घेतलं, ४ आणि उणे १८. पंख्याचा आवाज स्वच्छ.

खर्च: संच ४५०, भेट आणि मजुरी १,१००, एकूण १,५५० रुपये. आधीचे २,८०० परत मिळाले नाहीत. बिल नव्हतं, काय केलं याची नोंद नव्हती, त्यामुळे मागायला आधारही नव्हता.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्या भेटीत पॅनेल उघडलं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं. फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये कॉइल पाहिल्याशिवाय गॅसचं निदान करायचं नाही, हा नियम तंत्रज्ञांनी स्वतःला लावून घ्यायला हवा. कॉइलवर बर्फाची लादी असेल तर डिफ्रॉस्ट पाहा. एकदोन वेढ्यांवरच बर्फ असेल तर गॅस कमी किंवा नळी चोंदलेली (चोक). कॉइल नीट गोठलेली, रस्ता मोकळा, आणि तरीही खाली हवा येत नसेल तर पंखा किंवा डक्टमधला डॅम्पर, म्हणजे हवा कमीजास्त करणारी झडप.

घरच्यांनी नॉब शेवटच्या आकड्यावर नेल्याने बर्फ आणखी वेगाने साचला. खालचा कप्पा गरम आणि वरचा गार असेल तर नॉब फिरवण्याने काही साधत नाही. त्याऐवजी थर्मामीटर पहिल्याच दिवशी लावायला हवा होता. औषध ज्या फ्रीजमध्ये राहतं तिथे तो कायमचाच असावा.

रविवारच्या त्या पाण्याकडे लक्ष गेलं असतं तर बरं झालं असतं. गॅस भरताना फ्रीजखाली लिटर-दोन लिटर पाणी जमलं तर ते कुठून आलं, हे विचारायलाच हवं. त्या क्षणीही दुरुस्तीची दिशा बदलता आली असती. तसंच, दिवसभर बंद ठेवून लावलेला फ्रीज दुसऱ्या दिवशी गार होणं हा कुठल्याच दुरुस्तीचा पुरावा नाही. किमान दोन आठवडे जाऊ द्यावेत.

यंत्रणा उघडायचीच वेळ आली, तर फिल्टर ड्रायर नवा, गॅस पट्टीवर लिहिलेलाच आणि काट्यावर मोजून, लीकची जागा दाखवून, आणि शेवटी प्रोसेस ट्यूब दाबून पक्की बंद केलेली, व्हॉल्व्ह न ठेवता. या फ्रीजमध्ये ड्रायर जुनाच आहे आणि व्हॉल्व्ह अजून तिथेच आहे. पुढे कधी खरोखर गॅस कमी झाला तर पहिला संशय त्या व्हॉल्व्हवर घ्यावा, आणि मध्येच थंडावा जाऊन काही तासांनी आपोआप परतू लागला तर कॅपिलरीत ओल गोठते आहे असं समजावं. दुसऱ्या तंत्रज्ञाने हे दोन्ही मुद्दे बिलाच्या मागे लिहून दिले आहेत. बिलावर बदललेले भाग, हीटरचा ओहम, डिफ्रॉस्टचा अँपिअर आणि तारीख आहे. ते बिल फ्रीजच्या मागे पिशवीत चिकटवून ठेवलं आहे.